पाहुणा वेंगुर्ल्याला आला, पण जेवला कुठे?

थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी कुडाळ-मठ-वेंगुर्ले रस्त्यावर तासभर उभे राहून बघा. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबईच्या नंबरच्या गाड्या एकामागून एक समुद्राकडे उतरताना दिसतील. संध्याकाळ झाली की त्यातल्या काही परत घाट चढतात, तर काही शिरोडा-रेडीमार्गे गोव्यात शिरतात. मधल्या आठ-दहा तासांत ही माणसे आपल्या तालुक्यात हिंडतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. जाताना त्यांनी दिलेल्या पैशातला किती पैसा शेतकऱ्याच्या घरात शिरला, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. आज तोच विचारायचा आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्याच तालुक्यात परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे पाहुणा येण्याच्या वाटा एकेक करून मोकळ्या झाल्या. पण पाहुण्याच्या पानात जो भात पडतो तो बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेल्या पॉलिश तांदळाचा असतो. सोलकढी रंगाच्या पाण्याची असते. आणि त्याच वेळी आपल्या परड्यातली कोकमे मे महिन्यात झाडाखाली पडून कुजतात. पाहुणा आपल्या गावात आला खरा, पण आपल्या शेतापर्यंत पोहोचला नाही.

त्यात दुसरी एक गोष्ट घडते. समुद्राजवळची जमीन गुंठ्यावर विकली जाते, आलेला पैसा घरात, गाडीत आणि लग्नात संपतो, आणि मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात घरचा मुलगा पगारावर लागतो. जमीन विकावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण विकण्याआधी त्या जमिनीवर पाहुण्याला चार घास वाढून काय मिळू शकते, याचा हिशोब एकदा मांडून बघायला काय हरकत आहे?

त्यासाठी आधी आपला तालुका आपण पाहिला पाहिजे. गंमत अशी की वेंगुर्ल्यात जन्मलेल्या कितीतरी माणसांनी निवतीचा किल्ला पाहिलेला नसतो. पाहुण्याने विचारले, ‘इथे बघण्यासारखे काय आहे?’ की आपण म्हणतो, ‘काय नाय, समुद्र आसा.’ म्हणून खाली एका दिवसाच्या तीन वाटा देत आहे. या वाटांनी आधी स्वतः बायकापोरांसह फिरून या. मग पाहुण्याला सांगा.

पहिली वाट : दक्षिणेला, शिरोडा-रेडीकडे

सकाळी वेंगुर्ले बंदरावरून सुरुवात करावी. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, ती या बंदराच्या व्यापारासाठी. आज तो व्यापार राहिला नाही, पण सकाळी मासे उतरताना आणि लिलाव होताना बघायला शहरच्या माणसाला फार आवडते. किनाऱ्यावर रापण ओढत असली तर तिथे थांबावे. एका दोराला वीस-पंचवीस माणसे लागलेली, वर घारी-कावळ्यांचा गोंधळ, आणि शेवटी जाळ्यात तारली, बांगडे, कधी नुसताच कचरा. हे दृश्य तिकीट काढून मिळत नाही. मात्र पाहुण्याला आधी सांगून ठेवावे की रापणीत मधेमधे करू नये, फोटोसाठी माणसांना थांबवू नये.

शहरातच प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. १९५७ साली सुरू झालेले हे केंद्र पुढे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती इथल्याच. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ तुमच्यापैकी अनेकांच्या बागेत असतील. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा इथे तयार झाला. बाठ अगदी पातळ असलेला ‘सिंधू’ही इथलाच. देशावरचा शेतकरी सहलीला आला तर त्याला समुद्राइतकेच या कलमांचे अप्रूप वाटते. कार्यालयीन वेळेत, आधी विचारून, परवानगी घेऊन जावे.

पुढे मोचेमाडची खाडी लागते. माडाच्या राईतून रस्ता उतरतो, आणि वळणावर खाडी आणि समुद्र एकदम दिसतात. तिथून आरवली. श्री देव वेतोबाचे हे गाव. देवाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहण्याची इथली प्रथा, तशीच केळ्यांचे घड वाहण्याचीही. नवसाचे घड लागतात म्हणजे केळीला गिऱ्हाईक आहे. देवळाच्या वाटेवरच्या शेतकऱ्यांनी याकडे शेतीच्या दृष्टीनेही बघावे. लेखक जयवंत दळवी यांचे हेच गाव. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळामास्तर होते. त्यांना पुढे ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळाले. वाचनाची आवड असलेला पाहुणा हे ऐकून गाडीतून खाली उतरतो, असा अनुभव आहे.

शिरोड्याची मिठागरे जरूर दाखवावीत. मे १९३० मध्ये याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. पाऊस संपून ऊन तापले की खाचरात खारे पाणी घेऊन मीठ पिकवतात. हीसुद्धा एक शेतीच आहे, फक्त तिला पाऊस चालत नाही.

रेडीला यशवंतगड आहे. वडापिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती आणि बुरुजावरून दिसणारी तेरेखोलची खाडी, यासाठी अर्धा तास काढावा. १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेल्या गणपतीचे देऊळही इथे आहे. इथून रस्त्याने तेरेखोल किल्ल्यावर जाता येते. किल्ला खाडीच्या आपल्या बाजूला असला तरी हद्द गोव्याची. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला.

आता जेवणाचे. या वाटेवर दुपारचे जेवण आरवली-शिरोडा भागात व्हायला हवे. तेरेखोलपर्यंत उपाशी गेलेला पाहुणा गोव्यात जेवतो. म्हणजे फिरवला आपण आणि जेवू घातला दुसऱ्याने.

दुसरी वाट : उत्तरेला, निवती-भोगव्याकडे

ही वाट उभादांड्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावरून निघते. सुरूच्या बनातून लांबच लांब वाळू दिसते. पुढे वायंगणी. गावाचे नावच शेतीचे आहे. पावसाळी भात काढल्यावर ओलीवर जे दुसरे पीक घेतात ते वायंगण, हे तुम्हाला सांगायला नको. पण पाहुण्याला सांगा, त्याला माहीत नसते.

वायंगणीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. एक मादी शंभराच्या आसपास, कधी जास्तही अंडी घालते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी शोधून खाल्ली जात. आता गावातलीच माणसे ती राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवाला पूर्ण संरक्षण आहे. पिल्ले सोडण्याच्या दिवसांत ते बघायला माणसे मुद्दाम येतात, राहतात, जेवतात. म्हणजे अंडी खाऊन एका घराचे एक वेळचे भागत होते, ती राखून अनेक घरांना काम मिळू शकते. मात्र किनाऱ्यावर रात्री मोठे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, शेकोट्या नकोत. पिल्लू उजेडाकडे जाते. दिवा जमिनीच्या बाजूला दिसला तर ते समुद्र सोडून गावाकडे चालू लागते आणि मरते.

दाभोली, केळूस, म्हापण करत परुळ्याला यावे. पुढे निवतीचा छोटा किल्ला. वर पोहोचले की एका बाजूला भोगव्याची वाळू आणि दुसऱ्या बाजूला निवतीचे बंदर दिसते. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात वेंगुर्ले रॉक्सवरचे दीपगृह दिसते. त्या खडकांच्या गुहेत पाकोळ्यांची वस्ती आहे. त्यांची घरटी चोरून नेण्याचे प्रकार पूर्वी झाले आहेत, म्हणून तिथे कुणालाही घरट्यांजवळ नेऊ नये. निवतीहून होडीने फेरी मारली तर नशीब असेल तेव्हा डॉल्फिन दिसतात. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, होडीवाल्याने ‘काय होणा नाय’ म्हटले तरी.

भोगव्याला कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडे देवबाग, मालवणची हद्द. तिकडे काय गर्दी असते ते तुम्ही जाणता. आपल्या बाजूला अजून शांतता आहे, आणि ती पाहुण्याला हवी असते. ती घालवून त्याच्या बदल्यात काय घ्यायचे, हे गावाने ठरवावे.

वेळ उरला तर परतताना आतल्या रस्त्याने वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर आणि शेजारचा तलाव पाहावा. पाण्याची व्यवस्था बघायची हौस असलेल्यांनी एक दिवस मालवण तालुक्यातल्या धामापूरसाठी वेगळा ठेवावा. १५३० च्या सुमाराचा मानला जाणारा तिथला तलाव २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. जुन्या माणसांनी डोंगराच्या खोबणीत पाणी कसे अडवले ते प्रत्येक सरपंचाने एकदा तरी डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

तिसरी वाट : वरच्या अंगाला, तुळस-सावंतवाडी-पिंगुळी

समुद्र सोडूनही एक दिवस जातो. वेंगुर्ल्याहून तुळसमार्गे सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर. तुळसच्या जैतिराचा उत्सव पावसाच्या तोंडावर होतो. त्याला शेतकऱ्यांची जत्रा म्हणतात ते उगाच नाही. कोयता, विळा, नांगराचे सामान, पावसाळ्याची बेगमी असे सगळे तिथे मिळते. अशी जत्रा शहरच्या माणसाने पाहिलेली नसते.

सावंतवाडीत मोती तलाव, राजवाड्यात रंगवली जाणारी गंजिफा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. तिथून कुडाळच्या दिशेने आले की महामार्गालगत पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपली. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीहून मठमार्गे परत वेंगुर्ले. थंडीच्या दिवसांत वाटेवरच्या एखाद्या गावात जत्रा असेल तर रात्री दशावतार बघायला थांबावे. शहरच्या पाहुण्याला मांडवात चटईवर बसून पहाटेपर्यंत खेळ बघणे ही नवलाई असते, आणि जत्रेतल्या खाज्याच्या दुकानाचीही विक्री होते.

ऋतूप्रमाणे ताट

आता पाहुण्याला काय वाढायचे? लोकांचा समज असा की कोकणात यायचे म्हणजे सुरमई आणि पापलेट खायचे. मग सगळेच त्यामागे धावतात, भाव वाढतात, आणि नाही मिळाले तर बर्फातले मासे ताजे म्हणून वाढले जातात. हे बरे नाही. आपल्याकडे प्रत्येक महिन्याचे वेगळे ताट आहे. तेच आपले भांडवल आहे.

दिवाळीनंतर थंडीत बांगडा चांगला मिळतो. तिरफळ घालून केलेले बांगड्याचे तिखले आणि उकड्या तांदळाचा भात, एवढे पुरे आहे. तिरफळ गणपतीच्या आसपास तयार होते. ते वाळवून ठेवले की वर्षभर पुरते. खाडीकाठच्या गावांत तिसऱ्यांचे सुके आणि कुर्ल्यांचे सांबारे करावे.

माघ-फाल्गुनात ओले काजूगर येतात. शेकड्यावर विकले जाणारे हे गर सोलताना हात काळे होतात, पण त्याची उसळ ज्याने एकदा खाल्ली तो पुढच्या वर्षी त्याच दिवसांत परत येतो. फणस कोवळा असताना भाजी, पिकला की सांदणे. एप्रिल-मे मध्ये आंबा, करवंदे, आणि रातांबे. ताज्या रातांब्यांचे सरबत आणि नारळाच्या रसातली सोलकढी घरची असली की बाटलीतल्या रंगाची आठवण राहत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ आहे, तेव्हा ताज्या समुद्री माशांचा आग्रह धरणाऱ्या पाहुण्याला स्पष्ट नाही म्हणावे, आणि का नाही तेही सांगावे. पावसात ताट रिकामे नसते. टाकळा, कुर्डू, फोडशी, अळू अशा रानभाज्या, कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याची किसमूर, भाजलेला सुका जवळा आणि गरम पेज असे किती प्रकार आहेत. श्रावणात हळदीच्या पानातले पातोळे, तवसाचे धोंडस. शाकाहारी पाहुण्याला काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे, आंबोळी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे. यातला एकही पदार्थ असा नाही की जो तुमच्या घरातल्या आईला किंवा आजीला येत नाही.

एक सावधगिरीची सूचना. रानभाजी आणि अळंबी ओळखणारे माणूस घरात असेल तरच वाढावी. अळंबीत विषारी प्रकार असतात. शंका आली की टाकून द्यावी.

हिशोब करून बघा

समजा, चार माणसांचे कुटुंब तुमच्याकडे दुपारी जेवायला आले. पानाला लागले काय? पाऊण किलो उकडा तांदूळ, दोन नारळ, मूठभर आमसुले, शंभर काजूगर किंवा एखादा कोवळा फणस, घरची भाजी, मिरची, तिरफळ. हे सगळे घरचे. विकत आणले ते मासे, तेल, मसाल्याचे काही जिन्नस आणि गॅस. आता वहीत दोन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात हाच घरचा माल व्यापाऱ्याला दिला असता तर किती आले असते ते लिहा. दुसऱ्या रकान्यात चार ताटांचे आलेले पैसे लिहा, त्यातून विकतचा खर्च वजा करा, आणि घरातल्या बाईच्या कष्टाची मजुरीही वजा करा. ही मजुरी आपण धरतच नाही, ही मोठी चूक. रांधणाऱ्या बाईचा पहाटेपासूनचा वेळ फुकटचा नाही. तिच्या हातात तिचा पैसा स्वतंत्र पडला पाहिजे.

एवढे सगळे वजा करूनही पहिल्या रकान्यापेक्षा दुसरा भारी राहिला तर हा धंदा तुमच्या कामाचा. नाही राहिला तर उगाच हौसेने पडू नका. दर तुमच्या गावचे घाला, माझे नको.

शिवाय जेवून उठलेला पाहुणा विचारतो, ‘ही आमसुले मिळतील का? हा तांदूळ देता का?’ तेव्हा देण्यासारखे काही बांधून ठेवलेले असावे. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मानांकनाचा कागद कचेरीत असून भागत नाही, पुडीवर गावाचे नाव, वजन आणि तयार केल्याची तारीख हवी. वालय, बेळा, सोरटी असे जुने भात अजून लावणारी घरे आहेत. हॉटेलच्या तांदळापुढे हे भात टिकायचे तर त्यांना जेवणाऱ्याची ओळख करून द्यावी लागेल. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा सड्यावर कलमे उभी राहिली. झाडे झाली, माल झाला, आता त्याचे ताट करायचे राहिले आहे.

सुरुवात लहान करा

काही ठिकाणी असे दिसते की पाहुणे येणार म्हणून आधी कर्ज काढून चार खोल्या बांधल्या, एसी बसवला, आणि मग पाहुण्याची वाट बघत बसले. उलट करा. पहिले वर्ष फक्त जेवण द्या, तेही आदल्या दिवशी सांगितले तरच. एका वेळी दहा-बारा पानांपेक्षा जास्त घेऊ नका. पडवी स्वच्छ, पाणी उकळलेले, हात धुवायला साबण, आणि चांगले शौचालय एवढे पाहिजे. शहरच्या बाईमाणसाला सर्वांत आधी शौचालय कुठे आहे ते विचारायचे असते, आणि ते तिथे नसेल तर तुमची सोलकढी कितीही चांगली असली तरी ती परत येत नाही.

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, अगदी घरगुती धंद्यालाही. ती ऑनलाइन होते. खोल्या द्यायच्या तर पर्यटन संचालनालयाची न्याहरी-निवास योजना आहे. शेतावर पाहुणे ठेवायचे तर राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. वैयक्तिक शेतकऱ्याबरोबर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि कृषी महाविद्यालयांनाही त्यात नोंदणी करता येते. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम आणि फी कार्यालयातून लेखी समजून घ्या, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. किनाऱ्याजवळ काहीही बांधण्यापूर्वी सीआरझेडची माहिती घ्या. एक वीट चुकीच्या जागी लागली तरी पुढे कोर्टकचेरीत दहा विटांचे पैसे जातात.

आणि शेती सोडू नका. हा जोडधंदा आहे. पाहुणा जो बघायला येतो तो तुमचा हिरवा मळा आहे. तो पडीक ठेवून नुसती खानावळ चालवली तर दोन वर्षांत पाहुणा मोठ्या हॉटेलात जाईल, कारण तिथे पंखा जास्त चांगला असतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

तीन गोष्टी ग्रामपंचायतीशिवाय होत नाहीत.

पहिली, समुद्रावरची सुरक्षा. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागरच्या समुद्रात सहलीला आलेली माणसे बुडून गेली. हसत-खेळत आलेली माणसे संध्याकाळी परत गेली नाहीत. समुद्र आपल्याला कळतो, पाहुण्याला कळत नाही. ओहोटीची ओढ कुठे असते, खड्डा कुठे पडतो, भरती किती वाजता, हे गावातला पोरगाही सांगेल, पण ते फलकावर लिहिलेले हवे आणि तेही मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कानडीत. बेळगावकडून येणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे हे विसरू नका. किनाऱ्यावर दोर, ट्यूब आणि पोहण्यात तयार असलेले दोन गडी सुट्टीच्या दिवशी तरी असावेत. त्यांचे मानधन वाहनतळाच्या उत्पन्नातून कसे काढता येईल ते ग्रामसभेत बसून ठरवा. पावसाळ्यात कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

दुसरी, कचरा. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण करून, जिथे नाक धरून जावे लागे त्या कचरा डेपोचे माणसे बघायला येतील असे ठिकाण केले. हे दूरच्या राज्यातले उदाहरण नाही, आपल्याच तालुक्याच्या ठिकाणचे आहे. ओला कचरा खताला, प्लॅस्टिक वेगळे. ग्रामपंचायतीला तेवढे मोठे जमणार नाही, पण किनाऱ्यावर दोन पिंपे आणि ती वेळेवर उचलण्याची व्यवस्था एवढे तर जमेल.

तिसरी, पाणी. मार्च-एप्रिलनंतर विहिरी खाली जातात. त्याच वेळी पाहुण्यांची गर्दी असते. गावाला टँकर आणि हॉटेलला बोअर असे झाले की भांडणे सुरू होतात. किनारपट्टीला पाण्याचा उपसा जास्त झाला की विहिरीत खारे पाणी शिरते, आणि एकदा शिरले की माडाबागायतीचे नुकसान वर्षानुवर्षे भरून येत नाही. म्हणून परवानगी देतानाच पाणी कुठून घेणार हे लेखी विचारावे. डिसेंबरात ओढ्यांवर कच्चे बंधारे घालण्याचे काम दरवर्षी व्हावे. त्या पाण्यावर वायंगण होते, आणि तोच हिरवा पट्टा बघायला माणसे थांबतात.

शेवटी

गावात चार घरांनी मिळून हा उद्योग करावा असे वाटते. एकाने जेवण द्यावे, दुसऱ्याने बाग दाखवावी, तिसऱ्याने होडी, चौथ्याच्या घरी आमसुले आणि काजूगर. एका घरी पाहुणे जास्त झाले तर दुसऱ्या घरी पाठवावेत. एकमेकांचे दर पाडून पाहुणा ओढण्याची सवय लागली की शेवटी सगळ्यांच्याच हातात काही राहत नाही. महिला बचत गटांनी यात पुढे यावे, कारण हिशोब ठेवण्याची आणि वाटून घेण्याची सवय त्यांना आधीच आहे.

येत्या हंगामाआधी एवढे करा. वर सांगितलेल्या तीनपैकी एका वाटेने एक दिवस घरच्यांसह जाऊन या. वाटेवर कुठे जेवलात, काय खाल्ले, किती पैसे पडले ते वहीत लिहा. मग विचार करा की त्याच पैशात तुमच्या पडवीत बसून काय वाढता आले असते. उत्तर मिळाले की ग्रामसभेत चार माणसांना सांगा. ‘येवा, बसा, जेवूनच जावा’ हे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. ते म्हणताना आपल्या ताटात आपलाच भात असावा, एवढीच अपेक्षा आहे.